शिंगराचं रक्त काय सांगतं

फ्लोरिडातलं ओकाला. शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा हा मुलूख. वर्ष उजाडलं की इथे घोड्या विऊ लागतात आणि जवळच गेन्सव्हिलला, फ्लोरिडा विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात, आजारी शिंगरं येऊ लागतात.

धडधाकट शिंगरू तासाभरात उभं राहतं, दोन तासांत आचळ धरतं. त्या धडपडीवरच त्याचा जीव असतो. आईच्या अँटिबॉडीज घोडीच्या वारेतून पिल्लाकडे जात नाहीत. त्या मिळतात फक्त चिकातून, आणि त्या शोषून घेण्याची आतड्याची ताकद दिवसभरात संपते. म्हणून आधी रक्तातलं आयजीजी, म्हणजे या अँटिबॉडीजचं प्रमाण, बघतात. डेसिलिटरमागे ८०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर चांगलं. ४०० च्या खाली असेल, तर मोठ्या घोड्याचा प्लाझ्मा शिरेतून द्यावा लागतो.

खरी भीती सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतण्याची. रक्तातले जंतू कल्चरमध्ये उगवून दिसायला दोन-तीन दिवस लागतात, आणि शिंगराकडे तेवढा वेळ नसतो. १९८८ साली याच विद्यापीठातल्या ब्रूअर आणि कोटर्बा यांनी त्यावर गुणांची पद्धत मांडली. पांढऱ्या पेशी, फायब्रिनोजेन (दाह झाला की वाढणारं रक्तातलं प्रथिन), साखर, आयजीजी, ताप अशा गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज ११ च्या वर गेली, तर सेप्सिस धरायचा. पुढे इतरांच्या पडताळणीत ती तेवढी अचूक ठरली नाही. बेरीज कमी आली, तरी निर्धास्त राहता येत नाही.

आणि लॅक्टेट, पेशींत तयार होऊन रक्तात उतरणारा एक पदार्थ. हातात मावणाऱ्या यंत्रावर, थेंबभर रक्तात मोजता येतं. पेशींना रक्तपुरवठा कमी पडला की ते चढतं. पण निरोगी शिंगरातही जन्मतः ते जास्तच असतं, आणि एक-दोन दिवसांत उतरतं. त्यामुळे पहिला आकडा एकटा फार काही सांगत नाही. सलाईन, प्राणवायू, प्रतिजैविकं सुरू झाल्यावर तो उतरतोय का, हे बघायचं. दिवसभर उपचार करूनही हटला नाही, तर धोका मोठा. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, तेही असंच फसवतं: वारेत बिघाड असला तर ते जन्मतःच चढलेलं असतं, मूत्रपिंडं मात्र ठीक असतात, आणि दोन-तीन दिवसांत ते खाली येतं.

मालक दारातच विचारतो, “वाचेल का?” अतिदक्षतेचा खर्च मोठा, म्हणून प्रश्न रास्तच आहे. पण पहिल्याच अहवालावर शिंगराला कायमचं झोपवायचं ठरवणं आम्हाला पटत नाही. चांगल्या रुग्णालयांतून आज बहुतेक शिंगरं घरी परततात. काही तासांनी पुन्हा रक्त काढा, दोन्ही आकडे शेजारी ठेवा, आणि मग मालकाशी बोला.