तात्यांचा खडू

मंडळी, आज एक जून, एसटीचा वाढदिवस. 1948 साली याच तारखेला नगरहून पुण्याला पहिली गाडी निघाली, ड्रायव्हर किसन राऊत आणि कंडक्टर लक्ष्मण केवटे. ही दोन नावं मला तात्यांनी, म्हणजे मला कंडक्टरकी शिकवणाऱ्या जुन्या कंडक्टरनं, पाठ करून घेतली होती. ड्युटीवर माझा पहिलाच दिवस, स्टँडवर चहा पिताना विचारलं, पहिला कंडक्टर कोण? मला कुठं माहीत. तर म्हणाले, आपल्या धंद्यातला पहिला माणूस ठाऊक नको व्हय रे? म्हणून आज बोलायला उभा केलात तर मी दुसऱ्या कुणाबद्दल बोलूच शकत नाही.

मी 1996 ला लागलो. लाइन शिकायला पंधरा दिवस तात्यांच्या हाताखाली, कराडकडनं पाटणच्या बाजूला डोंगरात वस्तीची गाडी. आताच्या पोरांना मशीन आहे, बटण दाबलं की तिकीट, पण तेव्हा ट्रे असायचा, एकेका किमतीचा वेगळा ब्लॉक, सहा किलोमीटरचा एक टप्पा धरून भाडं काढायचं, मग दोन-तीन तिकिटं मिळून ते जुळवायचं, पंच करायचं, सुट्टे द्यायचे, डबल बेल मारायची आणि टप्पा आला की प्रत्येक ब्लॉकवरचा नंबर वेबिलवर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, टाकायचा. आणि हे सगळं उभ्यानं, घाटात, भरलेल्या गाडीत, बाजाराच्या दिवशी तर कोंबड्यासुद्धा पायात.

जुलैचा महिना होता, पाऊस असा की खिडक्यांतनं आत पाणी. मुक्कामाला पोचलो, देवळाच्या ओसरीवर बल्बखाली हिशोब करायला बसलो तर वीस रुपये कमी. परत मोजले, परत कमी. तेव्हा वीस रुपये म्हणजे काही थोडे नव्हते आणि नवीन माणसाला भीती वेगळीच असते. मी म्हणलं तात्या, खिशातनं घालतो, विषय संपला. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, भरायचे नंतर, आधी शोधायचे, नाहीतर उद्या परत भरशील.

आणि त्या माणसानं जेवण बाजूला ठेवून माझं वेबिल मांडीवर घेतलं, एकेक टप्पा बोटानं खाली येत. एका जागी थांबले. हितं माणसं चढली सहा, पाचाच्या ब्लॉकातनं तिकिटं गेली दहा, बाकीचे ब्लॉक बरोबर. चार जास्तीची कुठं गेली? मला काही सुचेना. तेव्हा त्यांनी तो ब्लॉक माझ्या हातात दिला, म्हणाले हात लावून बघ. ओलसर. पातळ कागद, पावसाच्या दमटपणानं तिकिटं एकमेकांना चिकटलेली, मी घाईत चौघांना दोन-दोन फाडून दिली होती. मग शर्टाच्या खिशातनं खडूचा तुकडा काढला, अंगठ्याला घासला, तिकिटांच्या कडेवरनं अंगठा फिरवला, फर्रर्र करून सगळी सुटी झाली. पावसाळ्यात हे विसरू नको, एवढंच बोलले. वीस रुपये मीच भरले, त्यांनी भरले नाहीत, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं.

नंतर आमची दोस्ती झाली, अकरा वर्षांचं अंतर असून. मशीन आलं तेव्हा तात्या बावरले, इतका पक्का माणूस, पण बोट बटणावर जाईना. मग मी आठवडाभर ड्युटी सुटल्यावर त्यांच्याशेजारी बसून शिकवलं, आणि ते वहीत लिहून घ्यायचे, मला अहो-जाहो करायला लागले होते त्या आठवड्यात! मला कसंतरीच व्हायचं, पण ऐकायचे नाहीत.

गेले तेव्हा मी चिपळूण गाडीवर होतो. कुंभार्ली घाट उतरल्यावर फोन लागला. गाडी सोडता येत नाही, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. फेरी पुरी केली, कॅश भरली, वेबिल बंद केलं, मग गेलो, तोवर सगळं उरकलं होतं. याचं मला अजून वाईट वाटतं. 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, ते बघायला तात्या नव्हते, असले तर हरखले असते, कारण दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या पदराच्या गाठीतले पैसे मोजायला लागल्या की त्यांचा जीव तुटायचा.

तेराव्याला गेलो होतो. काकूंनी एक पत्र्याची डबी आणून पुढं ठेवली. म्हणाल्या, ह्यांच्या कपाटात सापडली, आत खडूचे तुकडेच तुकडे, आपल्या घरात तर शाळेत जाणारं कुणी नाही, कशाला ठेवले असतील? इतका संसार केला आणि त्यांना माहीत नव्हतं, बघा. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, करून दाखव. तिकिटाचे ब्लॉक आता कुठनं आणणार, मग त्यांनी आतनं नोटा आणल्या दहा-दहाच्या, मी अंगठ्याला खडू लावला आणि कडेवरनं फिरवला. त्यांनी परत एकदा करायला लावलं. मग स्वतः करून बघितलं. एक तुकडा ठेवून घेतला आणि डबी माझ्याकडे दिली.