नात्याचा रकाना

श्रोतेहो, नमस्कार. समलिंगी जोडप्यांचे कायदेशीर हक्क हा आजच्या भाषणाचा विषय आहे, आणि मी तो नाटक-सिनेमाच्या वाटेने मांडणार आहे, कारण आपल्या घरांत हा विषय निघत नसला तरी रंगमंचावर आणि पडद्यावर तो केव्हाच निघालेला आहे. मित्रा नावाच्या समलिंगी तरुणीची कथा सांगणारे विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आले, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे, १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ पूर्णपणे अंमलात होते. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा गावातला जुना मित्र यांची ती कथा आहे. या दोन कलाकृतींच्या मधल्या काळात कायदा कुठवर आला, ते आधी सांगते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निर्णय दिला की दोन प्रौढ व्यक्तींनी परस्परसंमतीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. पुढे पाच न्यायमूर्तींच्या दुसऱ्या पीठापुढे विवाहाचा प्रश्न आला, तेव्हा अशा विवाहाला मान्यता देणे हे संसदेचे काम आहे असे सांगून न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ती मान्यता नाकारली, आणि त्या निर्णयाविरुद्धच्या फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे एकत्र राहणे गुन्हा नाही, परंतु विवाहाची नोंद होत नाही. पुन्हा सांगते, एकत्र राहणे गुन्हा नाही, परंतु विवाहाची नोंद होत नाही. त्यामुळे नवरा-बायकोला न मागता जे मिळते, ते अशा जोडप्याला एकेक कागद करून मिळवावे लागते. मला हे अन्यायाचे वाटते. पण कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसणे हा त्याहून मोठा तोटा आहे.

हे मला ज्या दोघांमुळे उमगले, त्यांची हकिकत त्यांच्याच परवानगीने, गावाचे नाव न घेता सांगते. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे हे दोन गृहस्थ. एक चित्रकलेचे शिक्षक, त्यांना सारे मास्तर म्हणत. दुसरे शिंपीकाम करणारे, त्यांना सारे जिभाऊ म्हणत. घर एक, चूल एक. मास्तर हौशी मंडळींचे पडदे रंगवीत आणि जिभाऊ आमच्या नाटकांचे कपडे शिवीत. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात चांगला प्रयोग असला की दोघे हमखास येत, आणि तिकीट काढून येत. येथे मला बोलल्याशिवाय राहवत नाही की आपल्याकडे ओळखीने पास मागण्याची रीत फार बळावली आहे. पास मागायचे आणि मग चांगली नाटके खान्देशात येत नाहीत म्हणून हळहळायचे, हे योग्य नाही. असो. जिभाऊ प्रयोगात संवाद कमी ऐकत आणि अंगरख्याची काखेतली शिवण अधिक पाहत, आणि मध्यंतरात ती कशी उसवणार आहे ते मास्तरांना समजावून सांगत.

काही वर्षांपूर्वी चित्रपट पाहताना मध्यंतरातच मास्तरांच्या छातीत कळ आली. जिभाऊंनी त्यांना रिक्षात घालून दवाखाना गाठला. तेथल्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. जिभाऊंनी त्यात ‘मित्र’ लिहिले. समोरच्या माणसाने कागद परत सरकवला आणि रक्ताचे नातेवाईक बोलवा म्हणून सांगितले. तेव्हा जिभाऊ म्हणाले, “मी त्यास्ना कोन शे, ते कागदवर कसं लिखू?” शेवटी मास्तरांच्या खिशातल्या डायरीतून सुरतेच्या पुतण्याचा नंबर निघाला. त्याने कित्येक वर्षांत काकांचे तोंड पाहिलेले नव्हते, तरी त्याचा फोनवरचा होकार चालला. अनामत जिभाऊंनी भरली, जागरणे जिभाऊंनी केली, आणि रकान्यात नाव पुतण्याचे लागले. मास्तर त्या वेळी शुद्धीवर होते, बोलत होते. शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची संमती ही त्याची स्वतःचीच असते, तेथे आईचीही संमती पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले आहे; पण त्या रात्री ते तेथे कोणालाच ठाऊक नव्हते.

मास्तर बरे झाले. पुढे राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू असताना जिभाऊ माझ्या नऊवारीचा काठ टाचत होते, आणि टाचता टाचता त्यांनी हा प्रसंग सांगितला. शेजारच्या आरशापुढे आमचे एक वकील मित्र बसले होते. ते त्या नाटकात सावकाराचे काम करत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की घर कोणाच्या नावावर आहे. घर मास्तरांच्या कमाईचे आणि मास्तरांच्याच नावावर होते. मास्तर अविवाहित, आई-वडील नाहीत, भाऊ वारलेला. मृत्युपत्र न करता ते गेले असते, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ते घर सुरतेला गेले असते आणि जिभाऊंना आपले शिवणयंत्र उचलून बाहेर पडावे लागले असते. वकील म्हणाले, उद्या मास्तरांना घेऊन या.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम होती. रंगपटात दिव्यांच्या उजेडात, अर्धी रंगभूषा झालेल्या वकिलांनी मजकूर सांगितला आणि मास्तरांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला. साक्षीदार म्हणून मी आणि आमचे रंगभूषाकार. वकिलांनी जिभाऊंना खोलीबाहेर थांबवले, कारण ज्याला मालमत्ता मिळणार तो जवळ असला तर उद्या कोणीही दडपणाचा आरोप करू शकतो. आम्हा दोघांना मात्र त्यांनी टेबलाशी आणले आणि मास्तरांची सही होताना डोळ्यांनी पाहायला लावली. सह्या झाल्यावर दिसले की रंगभूषाकारांच्या बोटाचा तांबडा डाग नेमका घराच्या वर्णनावर उमटला आहे. वकिलांनी तो कागद फाडला आणि पुन्हा लिहायला सांगितले. बाहेर दिग्दर्शक हाका मारत होते, पण मास्तरांनी सबंध पान तितक्याच सावकाश, पाटी रंगवावी तशा अक्षरात पुन्हा लिहिले. तालीम उशिरा सुरू झाली. पुढच्या आठवड्यात जिभाऊंनीही मास्तरांच्या नावे आपले मृत्युपत्र केले.

या हकिकतीतला कायदा लक्षात ठेवा. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीची सक्ती नाही; दोन साक्षीदार मात्र लागतात. दोन साक्षीदार, आणि त्यांनी सही होताना पाहिलेली असावी, किंवा ती सही आपलीच असल्याचे करणाऱ्याने त्यांच्यापुढे कबूल केलेले असावे. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली तर पुढचे भांडण टळण्याची शक्यता वाढते, म्हणून ती करावी असे माझे मत आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी करण्यास कोणतीही आडकाठी नाही. त्याच सुमारास शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एका घरातले मानावे, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात द्यावे, असेही केंद्राने राज्यांना कळवले. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. खात्यातले पैसे नॉमिनीच्या हाती येतात, पण वारस त्यावर हक्क सांगू शकतात. म्हणून नॉमिनी लावला तरी मृत्युपत्र हवेच. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्याने कोणत्याही प्रौढ व्यक्तीला साध्या कागदावर आपला प्रतिनिधी नेमता येते, तेथे रक्ताच्या नात्याची अट नाही. मुलाला किंवा मुलीला ‘बदलून’ देतो म्हणणाऱ्या डॉक्टरकडे नेणाऱ्या आई-वडिलांनीही ऐकावे: राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००. पुन्हा सांगते, एक, पाच, एक, शून्य, शून्य.