फाटकाच्या अलीकडे

नमस्कार श्रोतेहो.

3 फेब्रुवारी 2005. नागपूरजवळ कन्हानला एक वऱ्हाड ट्रॅक्टर-ट्रॉलीतून निघालं होतं. वाटेत रखवालदार नसलेलं रेल्वे क्रॉसिंग. ट्रॉली रुळांवर असतानाच गाडी आली. पन्नासहून अधिक माणसं गेली.

ट्रॅक्टरचं मला भय वाटतं ते याचसाठी. इंजिनाच्या धडधडीत शिट्टी ऐकू येत नाही. आणि ट्रॅक्टर पलीकडे पोचला की चालकाला वाटतं, झालं, ओलांडलं. मागची ट्रॉली मात्र माणसांसकट अजून रुळांवरच असते.

ब्रॉडगेजवरची अशी बिनरखवालीची क्रॉसिंगं 2019 च्या जानेवारीअखेर बंद झाली. फार मोठं काम झालं. पण गेटमन असलेल्या फाटकावर आपण काय करतो? दांडा खाली यायला लागला की वेग वाढवतो. पुरता खाली आला की मोटारसायकल तिरकी करून खालून काढतो. मागे बसलेली बायको पोराला कडेवर घेऊन उतरते, वाकते आणि आपल्यामागून रूळ ओलांडते.

रुळांच्या कडेला एक पिवळी पाटी असते, ‘सी/फा’ लिहिलेली. म्हणजे सीटी, फाटक. रेल्वेच्या चालकानं इथून शिट्टी द्यायची. ही पाटी फाटकापासून साधारण 600 मीटरवर असते. ताशी 110 किलोमीटरनं येणारी गाडी एवढं अंतर वीस सेकंदांत कापते. थांबायला मात्र तिला किलोमीटरभर लागू शकतं. चालकानं तुम्हाला पाहिलं, तिथल्या तिथे ब्रेक लावले, तरी गाडी तुमच्यापर्यंत येणारच. शिवाय लांबून येणारी गाडी सावकाश येतेय असं वाटतं, डोळे फसतात. दुहेरी मार्गावर तर एक गाडी गेली की लोक पुढे सरतात, आणि दुसरी तिच्याच आडून येत असते.

पुढे आपली गाडी मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय रुळांवर चढू नका. गिअर आधीच टाका, रुळांवर बदलू नका. गाडी बंद पडलीच तर आधी माणसं उतरवून लांब न्या, सामान राहू द्या, आणि गेटमनला हाक मारा. लाल झेंडा त्याच्यापाशी असतो.

खरं तर ट्रॉलीत माणसं बसवायचीच नाहीत. पण लग्नसराईत बसतात, हे मलाही ठाऊक आहे. तेव्हा एवढं तरी करा: फाटकाच्या अलीकडे सगळ्यांना उतरवा, वाजंत्री थांबवा, म्हाताऱ्यांचा हात धरून वऱ्हाड पायी पलीकडे न्या. ट्रॉली मागून रिकामी येऊ द्या.

नमस्कार.