'पडीक' उतार किती पाणी पितो? डबा ठोका आणि मोजा

नमस्कार. गवताळ उतार, ओढ्याचा काठ, बांधावरची झुडपं. कागदोपत्री हे सगळं बहुतेकदा 'पडीक'. ते राखून मिळतं काय, हे आज मोजूनच बघू.

साहित्य थोडंच. १५ सेंटीमीटर व्यासाचा, दोन्हीकडून उघडा, साधारण १२ सेंटीमीटर उंच पत्र्याचा डबा. एक फळी, हातोडा, प्लास्टिकची पिशवी, मापाचं भांडं. घड्याळ मोबाईलमध्ये आहेच.

(डबा जवळून दाखवा)

गवत जमिनीलगत कापा, उपटू नका. डब्यावर फळी आडवी ठेवून ठोका, ७-८ सेंटीमीटर आत जाऊ दे. दगड लागला तर जागा बदला. आता डब्याच्या कडेची माती आतून बोटानं दाबून घ्या, नाहीतर पाणी फटीतून पळतं आणि आपण उगाच खूश होतो. पिशवी आत अंथरा, तिच्यात ४५० मिलिलिटर पाणी ओता आणि पिशवी हळूच ओढून काढा. थेट मातीवर ओतलं तर बारीक कण उठून छिद्रं बुजवतात. माती नुसती चकाकायला लागली की वेळ लिहा. मग लगेच दुसऱ्यांदा ओता. धरायचा तो हा दुसरा आकडा, कारण पहिलं पाणी जिरायला किती वेळ लागेल, हे माती आधी किती कोरडी होती त्यावरही ठरतं.

आता हेच जवळच्या, गुरांनी तुडवलेल्या उघड्या जमिनीवर करा. दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहा.

या डब्यात ४५० मिलिलिटर म्हणजे जवळपास २५ मिलिमीटर पाऊस. एका हेक्टरवर तेवढाच पाऊस म्हणजे अडीच लाख लिटर. ते मुरणार की माती घेऊन पळणार, हे वरचे काही सेंटीमीटर ठरवतात. गवताखाली कुजलेल्या मुळांच्या नळ्या असतात, गांडुळांची बिळं असतात. वरचा पाचोळा थेंबांचा मार झेलतो. उघड्या मातीवर तोच थेंब ढेकूळ फोडतो, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर पातळ पापुद्रा धरतो. मुरलेल्या पाण्याचा काही भाग खाली झऱ्यांना आणि विहिरींना उशिरा मिळतो.

न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं. ते निर्जंतुक करतात, पण गाळण प्रकल्पातून नेत नाहीत. १९९७ साली शहरानं तिथल्या गावांशी करार केला आणि जमीन घेण्यावर, शेतातले ओढाकाठ राखण्यावर पैसा लावला. गाळण प्रकल्प त्याहून कितीतरी महाग पडला असता. हिशोबी माणसांचा निर्णय, दुसरं काय.

आता सर्रास होणारी चूक. माळ मोकळा दिसला की खड्डे काढून झाडं लावायची. जुन्या गवताळ माळावर दाट, झपाट्यानं वाढणारी झाडं आली की सावलीत गवत मरतं आणि झाडं गवतापेक्षा जास्त पाणी ओढतात. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या जल कायद्यात व्यापारी वृक्षलागवड ही प्रवाह घटवणारी कृती मानली आहे, त्यासाठी पाणीवापराचा परवाना लागतो. माळाला माळ राहू द्या. चराई ठेवा, पण पाळीपाळीनं, आणि बी गळेपर्यंत एक तुकडा बंद ठेवा.

ओढ्याच्या दोन्ही काठांना १० मीटरचा गवत-झुडपांचा पट्टा गाळ अडवायला बऱ्यापैकी पुरतो. उतार तीव्र असेल तर रुंदी वाढवा. पट्टा फसतो तो रुंदीपेक्षा जास्त वेळा घळीमुळे. गुरांची वाट किंवा शेताच्या कोपऱ्यातली फट मिळाली की सगळं पाणी एका धारेनं पट्टा चिरून जातं. मोठा पाऊस पडत असताना जाऊन बघा, धार कुठून घुसते ते कळेल. तिथे पट्ट्याच्या वरच्या अंगाला, समपातळीत दगडांची बुटकी ओळ घाला, म्हणजे पाणी पसरून आत शिरेल.

बांधाबद्दल थोडक्यात: एकट्यानं राहणाऱ्या बहुतेक रानमाश्या जमिनीत बिळं करतात आणि घरट्यापासून काहीशे मीटरच फिरतात. त्यामुळे परागीभवन हवं असेल तर नांगर न लागलेली जागा पिकाच्या जवळच हवी.

डबा ठोकलेल्या दोन्ही जागांवर खुंटी मारून ठेवा. वर्षानं त्याच हंगामात, माती साधारण तितकीच ओली असताना, खुंटीच्या शेजारी पुन्हा मोजा. अगदी त्याच भोकात नको, तिथली माती ठोकून हललेली असते.