एकच जॅक, दोन कामं

(दृश्य: साध्या पार्श्वभूमीवर दोन केबलची टोकं, शेजारी शेजारी.)

या दोन प्लगमध्ये फरक शोधून दाखवा. जाडी दोन्हींची ६.३५ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच. दोन्हींवर दोन-दोन काळ्या पट्ट्या. या पट्ट्यांमुळे धातूचे तीन भाग वेगळे पडतात: टोकाची टिप, मधली रिंग आणि मागची स्लीव्ह. १९व्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधले ऑपरेटर याच घराण्यातले प्लग बोर्डावरच्या एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचायचे. पुढे तो इलेक्ट्रिक गिटारला लागला, स्टुडिओत शिरला आणि आता घरातल्या टेबलावरच्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइक आणि स्पीकर संगणकाशी जोडणाऱ्या खोक्याला, येऊन चिकटला आहे.

यातला एक प्लग हेडफोनचा आहे आणि दुसरा स्टुडिओ मॉनिटरच्या, म्हणजे मिक्सिंगसाठी वापरायच्या स्पीकरच्या केबलचा. नुसतं बघून कोणता कुठला ते सांगता येत नाही. हेडफोनच्या प्लगमध्ये टिपवर डावा आवाज असतो, रिंगवर उजवा. मॉनिटरच्या बॅलन्स्ड केबलमध्ये मात्र टिप आणि रिंग, दोन्हींवर एकाच बाजूचा आवाज असतो, फक्त रिंगवर तो उलटा करून, म्हणजे अधिकच्या जागी उणे असा, पाठवलेला असतो. एक केबल एकच मॉनिटर चालवते. प्लग भोकात नीट बसला म्हणजे जोडणी बरोबर झाली, असं आपण धरून चालतो आणि नेमके तिथेच फसतो.

(दृश्य: हेडफोनच्या भोकातून निघालेली केबल एका मॉनिटरच्या मागे जाते.)

ही चूक करून बघू. हेडफोनच्या आउटपुटमधून तीन भागांच्या प्लगची केबल काढली आणि थेट मॉनिटरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली. गाणं लावलं. कडेची गिटार ऐकू येते, रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याची, शेपटी ऐकू येते, पण गायक गायब! बास आणि किक ड्रमही जवळपास नाहीसे. अशा वेळी मॉनिटर बिघडला, फाइल खराब आहे, सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी दबलं, असे तर्क सुरू होतात. खरं कारण सरळ वजाबाकीचं आहे. बॅलन्स्ड इनपुट टिपवरच्या आवाजातून रिंगवरचा आवाज वजा करतं. इथे टिपवर डावा चॅनल आहे आणि रिंगवर उजवा. मिक्समध्ये गायक मधोमध असतो, म्हणजे दोन्ही चॅनलमध्ये अगदी सारखा. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य उरतं. दोन्ही बाजूंना वेगवेगळं असतं तेवढंच वाचतं.

उलट प्रकारही होतो. इंटरफेसवरच्या, मॉनिटरसाठी असलेल्या लाइन आउटपुटमध्ये हेडफोन घातला, तर एकाच चॅनलचा आवाज दोन्ही कानांत येतो, एका कानात सुलटा आणि दुसऱ्यात उलटा. ऐकायला तो पोकळ लागतो, आवाज नेमका कुठून येतोय तेच कळत नाही. शिवाय हेडफोन चालवण्याइतका जोर लाइन आउटपुटमध्ये बहुधा नसतोच.

(दृश्य: इंटरफेसची मागची बाजू. दोन भोकं, वर १ आणि २ असे आकडे.)

मॉनिटर जोडायचे ते इथे. १ म्हणजे डावा, २ म्हणजे उजवा. दोन मॉनिटर, दोन स्वतंत्र केबल. मॉनिटरच्या बाजूला पाव इंची भोक असेल नाहीतर तीन पिनांचं एक्सएलआर, आणि बऱ्याच मॉनिटरवर एकाच भोकात दोन्ही बसतात. एक्सएलआरमध्ये दुसरी पिन सुलटी, तिसरी उलटी आणि पहिली ग्राउंडची. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९९२ च्या मानकात हे पक्कं झालं; त्याआधीच्या काही यंत्रांत तिसरी पिन सुलटी सापडते. जुनं सामान वापरणाऱ्यांनी आणि स्वतः केबल झाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उलटा आवाज पाठवायची एवढी खटपट कशाला? ज्या वजाबाकीनं मघाशी गायक गिळला, तीच इथे कामाला येते. वाटेत केबलवर चार्जरची, स्क्रीनची, मोबाइलची खरखर चढते. ती दोन्ही तारांवर सारखीच चढते. मॉनिटरनं एका तारेतून दुसरी वजा केली की सारखी असलेली खरखर कटते, आणि मूळ आवाज सुलट-उलट असल्यामुळे दुप्पट होऊन हाती येतो. काही इंटरफेस रिंगवर आवाज पाठवतच नाहीत, फक्त दोन्ही तारांचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, सारखा राखतात. तरीही खरखर कटते. दोन्ही तारांवर ती सारखी चढली, एवढं पुरेसं असतं.

केबल जेमतेम दोन मीटर आहे, मग साधी का चालू नये, असं विचारणारे बरेच भेटतात. चालते. एकाच काळ्या पट्टीची, दोनच भागांची केबल लावली तरी बहुतेक इंटरफेसचं काही बिघडत नाही. अनेकदा आवाज ६ डेसिबलनं उतरतो, इतकंच. पण दोन मीटर लांबीवरून निकाल देऊ नये. घरातल्या टेबलावर तीच केबल लॅपटॉपच्या चार्जरला वेटोळं घालून पडलेली असते. बॅलन्स्ड केबल घ्यावी आणि हा विषय डोक्यातून काढून टाकावा.

(दृश्य: मॉनिटरच्या पाठीवरचा छोटा स्विच. एकीकडे +४, दुसरीकडे −१०.)

या स्विचकडे कुणी बघत नाही. +४ डीबीयू ही व्यावसायिक यंत्रांची पातळी, साधारण १.२३ व्होल्ट. −१० डीबीव्ही ही घरगुती यंत्रांची, सुमारे ०.३२ व्होल्ट. दोन्हींत जवळजवळ १२ डेसिबलचं अंतर आहे. एक मॉनिटर +४ वर आणि दुसरा −१० वर राहिला, तर आवाज एका बाजूला कलंडतो आणि आपण खोलीला दोष देत बसतो.

शेजारच्या नॉबचंही तसंच. दोन्ही मॉनिटरवर तो अगदी एकाच जागी हवा. पूर्ण वाढवून ठेवायचा मोह टाळा. मागे सगळं उघडं ठेवलं, की आवाज सोसवेना म्हणून पुढे इंटरफेसचा नॉब तळाशी ठेवावा लागतो. बऱ्याच नॉबची डावी-उजवी बाजू त्या तळाच्या पट्ट्यात एकमेकींशी जुळत नाही, त्यामुळे मधला आवाज एका बाजूला सरकतो. मॉनिटरची बारीक सूंऽऽ वाढते ती वेगळीच. मॉनिटर मध्यावर ठेवावेत, म्हणजे इंटरफेसचा नॉब मधल्या टप्प्यात खेळता राहतो.

आता गुणगुण. गाणं बंद आहे आणि तरी मॉनिटरमधून एकसुरी हम्म येतोय. हा मेन्सचा, म्हणजे घरातल्या विजेचा सूर: ५० हर्ट्झ, काही देशांत ६०, आणि त्याच्या पटीतले वरचे सूर. संगणक एका सॉकेटवर, मॉनिटर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटवर. दोन्हींचं अर्थिंग भिंतीतून एकमेकांशी जोडलेलं, आणि इकडे ऑडिओ केबलच्या ग्राउंडमधूनही जोडलेलं. अशी कडी तयार झाली की तिच्यातून प्रवाह फिरतो आणि तो ऐकू येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला, तर वाट तिथूनच जाते आहे. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणली, केबल बॅलन्स्ड केल्या, की हा त्रास बहुधा मिटतो.

एक उपाय मात्र कितीही वेळा ऐकलात तरी करू नका: प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं. गुणगुण जाते, खरं आहे. पण आत कधी तार सुटून धातूच्या खोक्याला लागली, तर त्या खोक्यात वीज उतरते आणि आपला हात त्याच्यावरच असतो.

चालू करताना मॉनिटर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. इंटरफेस जागा होताना किंवा झोपताना जो धप्प आवाज काढतो, तो मॉनिटरमधल्या थरथरणाऱ्या पडद्याला झेलायला लावू नये.

(दृश्य: वरून दिसणारं टेबल. दोन मॉनिटर आणि खुर्ची मिळून त्रिकोण.)

तिन्ही बाजू सारख्या, ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर. जागेबद्दल इथे इतकंच. खोलीचा विषय सुरू केला तर संपायचा नाही.

(दृश्य: इंटरफेसच्या पुढच्या बाजूला हेडफोनचं चिन्ह.)

हेडफोन जोडणं सोपं, पण निवडलेला हेडफोन इंटरफेसला पेलतो का, हे बघावं लागतं. एकाच मॉडेलचे ३२, ८० आणि २५० ओहमचे (ओहम हे इम्पीडन्सचं माप) वेगवेगळे हेडफोन मिळतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो त्यातलाच. जास्त ओहमच्या हेडफोनला जास्त व्होल्टेज लागतं. छोट्या इंटरफेसवर तो पूर्ण वाढवूनही मलूल वाजला, तर तो हेडफोनचा दोष समजू नये. हेडफोन आउटपुटचा स्वतःचा इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा एक ठोकताळा आहे. तो जास्त असला तर काही हेडफोनचा बास सुजल्यासारखा ऐकू येतो.

दोघं एकत्र रेकॉर्ड करत असतील तर वाय केबल लावून एका भोकात दोन हेडफोन घालतात. ३२ ओहमचे दोन हेडफोन मिळून १६ ओहमचे होतात आणि आउटपुटवर ताण येतो. एक ३२ चा आणि दुसरा २५० चा असला, तर बहुधा एकाचे कान किटतात आणि दुसरा ‘वाढव, वाढव’ म्हणत राहतो. यापेक्षा छोटा हेडफोन अॅम्प्लिफायर बरा. प्रत्येकाला आपला नॉब मिळतो. फक्त त्याचं इनपुट कसलं आहे ते वाचून घ्या. काहींना एकाच स्टिरिओ जॅकमधून डावं-उजवं दोन्ही हवं असतं, काहींना दोन वेगळ्या बॅलन्स्ड केबल लागतात.

माइक उघडा असताना त्याच खोलीतले मॉनिटर बंदच हवेत, नाहीतर मॉनिटरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत मॉनिटरमध्ये आणि मग ती कर्कश शिट्टी. गाणाऱ्याला बंद पाठीचा हेडफोन द्यावा, म्हणजे ताल धरायला लावलेल्या क्लिकची टिकटिक माइकमध्ये झिरपत नाही. त्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला, तर बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा, बघा: ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेनं ५.३ मिलिसेकंद, आणि आवाजाला संगणकात जाऊन परत यायचं असतं. डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबलं की तो संगणकाला वळसा घालून थेट कानात येतो.

मिक्सिंगला मात्र दोन्ही हवेत. मॉनिटरवर डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, हेडफोनवर तो पोचत नाही. म्हणून हेडफोनवर रुंद वाटलेलं पॅनिंग, म्हणजे आवाजांची डावी-उजवी मांडणी, मॉनिटरवर आकसतं, आणि खोलीमुळे मॉनिटरवर हरवलेला बासचा एखादा सूर हेडफोनवर सापडतो. तुलना करताना दोन्हींची पातळी कानाला सारखी लागेल अशी लावून घ्या, कारण जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं. एकदा जुळली की दोन्ही नॉबजवळ पेन्सिलीनं खूण करून ठेवा.