बॉलिन नदीकाठची गिरणी

(आधी फक्त चाकाचा आवाज. मग चित्र.)

हे चाक बघा. इंग्लंडच्या चेशर परगण्यातलं स्टायल गाव, बॉलिन नदी आणि तिच्या पाण्यावर चालणारी क्वारी बँक कापड गिरणी. चाक मात्र इथलं नाही. मूळचं केव्हाच गेलं, हे यॉर्कशायरमधल्या दुसऱ्या एका गिरणीतून आणून बसवलंय. भिंती, जिने, खिडक्या जुन्याच.

सॅम्युएल ग्रेगने 1784 मध्ये गिरणी इथे काढली ती पाण्यासाठी. पाणी भरपूर होतं, माणसं नव्हती. गाव एवढंसं.

(म्यूल, म्हणजे सूत कातायचं यंत्र, चालू. त्याचा गाडा पुढे-मागे.)

सूत कसं निघतं, ते नीट बघण्यासारखं आहे. गाडा पुढे येतो, पेळू ताणला जातो, चाती फिरतात, पीळ बसतो. गाडा मागे गेला की तयार सूत चात्यांवर गुंडाळलं जातं. मध्येच एखादा धागा तुटतो. यंत्र काही थांबत नाही. कुणीतरी वाकून, चालत्या गाड्याबरोबर सरकत, तो बोटांनी पटकन जोडायचा. आणि गाड्याखाली साचलेला कापूस? तिथे मोठ्या माणसाचा खांदा शिरत नाही.

(मागावर धोटा. आवाज कमी करू नये.)

हा माग. आपल्या गिरणगावात याला साचा म्हणायचे. इथे दाखवणाऱ्या बाईंनीही कानांवर संरक्षण चढवलंय. लँकेशायरच्या बायका या गदारोळात ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखत.

(टेकाडावरचं पांढरं घर.)

हे अ‍ॅप्रेंटिस हाउस, शिकाऊ कामगार पोरांचं घर, 1790 चं. माणसं नव्हती, त्यावरचा तोडगा. गरिबांना पोसायची जबाबदारी तेव्हा पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीवर असे. वर्कहाउसमधली, म्हणजे गरिबांना ठेवायच्या घरातली, नऊ-दहा वर्षांची पोरं करार करून गिरणीला दिली की पॅरिशचा खर्च वाचायचा. मालक पोरामागे पैसे मोजत नव्हता, उलट घेत होता: दोन गिनी, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी, वर कपड्यांचे जोड. एका वेळी नव्वदेक मुलं इथे राहत.

(माडी. पलंगांची रांग.)

एका पलंगावर दोघं. चादर महिन्याला बदलायची. जेवणात घट्ट ओटची लापशी. ग्रेगने मुलांसाठी पीटर हॉलंड नावाचा डॉक्टरही नेमला होता. इतर गिरण्यांच्या मानाने हे बरंच बरं, असं इथले मार्गदर्शक आवर्जून सांगतात. खोटं नाही ते. पण तासही सांगायला हवेत: सकाळी सहा ते संध्याकाळी सात, न्याहारीला दहा मिनिटं, तीही यंत्रापाशीच.

(जुनी कागदपत्रं. शाईची अक्षरं.)

1833 च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना मनाई झाली, 1847 मध्ये बायका आणि पोरांचा दिवस दहा तासांवर आला. मँचेस्टर पन्नास वर्षांत चौपट फुगलं, कापड स्वस्त झालं, हातमागवाले देशोधडीला लागले, तिथलेही आणि आपल्याकडचेही.

(पुन्हा पांढरं घर. दार.)

1806 मध्ये याच घरातून दोन मुलं पळाली. जोसेफ सेफ्टन, वय सतरा. थॉमस प्रिस्टली, वय तेरा. प्रिस्टलीचं एक बोट यंत्रात गेलं होतं. आईला भेटायचं होतं, आणि आई लंडनला. जवळजवळ तीनशे किलोमीटर. पोचले, सापडले. मॅजिस्ट्रेटपुढे त्यांचे जबाब झाले, ते लिहून ठेवलेत.

सेफ्टनने खोल्या स्वच्छ असल्याचं सांगितलं. अंथरूण चांगलं होतं, म्हणाला. तक्रार होती ती शाळेची. आठवड्यातून दोनदाच जायला मिळायचं, तेही रविवार धरून. त्याला जास्त वेळा जायचं होतं.

(दार. चाकाचा आवाज.)