मिरकरवाड्याची पताका

फेब्रुवारीतली सकाळ, रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. नौकेच्या डोलकाठीवरची ही पताका बघा. टोक दर्याकडे आहे. हा मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. शिडाच्या होड्या पहाटे याच वाऱ्यावर बाहेर पडायच्या.

[पताका निपचित]

ऊन चढतं, मतलई मरतो. जमीन तापून तिच्यावरची हवा हलकी होते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो, जवळजवळ सरळ पश्चिमेकडून.

[तीच पताका: बारा, दोन, चार वाजता]

टोक पूर्वेकडे होतं, ते सरकत सरकत आग्नेयेला आलं. म्हणजे वारा वायव्येचा झाला. वाऱ्याला नाव तो जिथून येतो त्या दिशेचं, पताका दाखवते नेमकी उलट दिशा. नवखा माणूस इथेच चुकतो.

वारा उजवीकडे वळला, कारण त्याच्याखालची पृथ्वी फिरतेय. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते. रत्नागिरी १७ अंश उत्तरेला, इथे हा वेग १६०० च्या आसपास. खारा वाराही पूर्वेकडेच निघालेला. म्हणजे अक्षाभोवती तो खालच्या जमिनीहून जास्त वेगाने फिरतो आणि अक्षापासून लांब जायला बघतो. जमिनीलगत लांब जायची वाट एकच, दक्षिणेची, विषुववृत्ताकडे. हा कोरिऑलिस परिणाम. फ्रेंच गणितज्ञ कोरिऑलिस यांनी त्याचं गणित १८३५ मध्ये मांडलं. इथे नुसता तोच असता, तर वारा तासाला जवळपास ९ अंश वळला असता. हवेचा दाब आणि जमिनीचं घर्षण त्याला तेवढं वळू देत नाहीत. या दिवसांत अरबी समुद्रावर असलेला उत्तरेचा वारा मात्र वळणाला हातभार लावतो.

[धक्क्याचं टोक, हातात होकायंत्र]

दिशा बघायची ती अशी, उघड्यावर. शेडच्या आडोशाला वारा घुमतो, तिथली पताका भलतंच दाखवते. तासातासाने आठवडाभर लिहून ठेवा. हे वळण वहीत उतरतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेत अशी वही हवी.

[जून. खवळलेला समुद्र]

पावसाळ्यात हेच वळण हजारो किलोमीटरवर. दक्षिण गोलार्धातून आग्नेयेचे वारे निघतात, विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात आणि नैऋत्येचे होऊन कोकणात शिरतात. पुढे सह्याद्री, आणि पाऊस.

[श्रीवर्धन, आडव्या सुपारीच्या बागा]

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. याच वळणामुळे वाऱ्याकडे पाठ केली की वादळाचं केंद्र डाव्या हाताला.

[मिरकरवाडा, सूर्यास्त]

खारा वारा पडला. पताका काठीला चिकटली. मतलई सुटायला अजून काही तास आहेत.